देव, डेथ आणि टॅम्पा

फ्लोरिडा म्हणजे डिस्ने आणि बीच, एवढंच ठाऊक असेल तर एक वीकेण्ड टॅम्पासाठी राखून ठेवा. इथे सिगार आहेत, मोकाट कोंबड्या आहेत, कानठळ्या बसवणारं म्युझिक आहे. आणि एक बॅण्ड आहे, ज्याच्यावरून जिवलग मैत्रिणींचं भांडण होऊ शकतं!

ऑनसाइटला टॅम्पा मिळालं की चेहरा थोडा पडतोच. न्यूयॉर्क नाही, शिकागो नाही, गेलाबाजार न्यूजर्सीसुद्धा नाही. ऑफिसमधली मंडळी विचारतात, "ऑरलँडोच्या बाजूला आहे तेच ना?" हो, तेच. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, खाडीच्या काठी ऐसपैस पसरलेलं शहर. उन्हाळ्यात दुपार कलली की जवळजवळ रोज ढग दाटून येतात, विजा कडाडतात, धो धो कोसळतं आणि थोड्या वेळाने पुन्हा लख्ख ऊन. विजा इतक्या, की इथल्या आइस हॉकी टीमचं नावच 'लायटनिंग' आहे.

२०२५च्या उन्हाळ्यात मी तीन महिने तिथे होते. सोमवार ते शुक्रवार क्लायंटचं डेटा मायग्रेशन. शनिवार उजाडला की आमची टीम एकतर आउटलेट मॉल नाहीतर बीच. मी मात्र हेडफोन चढवून तिसरीकडेच निघायचे. कारण सोपं आहे. ज्यांची कॉलेजची वर्षं गिटारच्या गोंगाटात गेली, त्यांच्यासाठी टॅम्पा हे लहानसहान गाव नाही. ते आपल्या परीने पंढरपूर आहे. फरक इतकाच, की इथे देवाचे भक्त आणि देवाला शिव्या घालणारे, दोघांच्याही दिंड्या निघतात!

कपाळावर उलटा क्रॉस

पहिली दिंडी शिव्या घालणाऱ्यांची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी टॅम्पा आणि आसपासच्या परिसरात डेथ मेटल नावाचा प्रकार फोफावला. घशातून येणारी गुरगुर, मशीनगनसारखे ड्रम आणि मरण, सडणं, सैतान असले विषय. या सगळ्याचं माहेर म्हणजे मॉरिसाउंड हा रेकॉर्डिंग स्टुडिओ. टॉम आणि जिम या मॉरिस बंधूंनी तो १९८१मध्ये सुरू केला. 'डेथ' या बॅण्डचा 'लेप्रसी' (१९८८), मॉर्बिड एंजलचा 'ऑल्टर्स ऑफ मॅडनेस' (१९८९), ऑबिच्युअरीचा 'स्लोली वी रॉट' (१९८९) हे सगळे इथलेच. पुढेपुढे तर इंग्लंडहून नेपाम डेथ आणि ब्राझीलहून सेपल्चुरा खास इथे येऊन रेकॉर्ड करून गेले. डीसाइड हा इथलाच आणखी एक बॅण्ड. त्याच्या गायकाने, ग्लेन बेंटनने, कपाळावर उलटा क्रॉस डागून घेतला. टॅटू नव्हे हं, चक्क चटका!

एका शनिवारी कॅब करून मी ५६व्या रस्त्यावरची स्टुडिओची जुनी जागा बघायला गेले. परिसराचं नाव काय असावं? टेम्पल टेरेस! आत जाता येत नाही. बाहेरून एखाद्या डेंटिस्टचं क्लिनिक वाटावं, इतकी साधी बैठी इमारत. कॅबवाल्याला कळेना, ही बाई या भिंतीचा फोटो का काढतेय. गंमत अशी, की मॉरिसाउंडने दुसरीकडे बिऱ्हाड हलवलं आणि ही इमारत ट्रान्स-सायबेरियन ऑर्केस्ट्राकडे गेली. हा ग्रूप कशासाठी प्रसिद्ध आहे? दर वर्षीच्या जंगी ख्रिसमस शोसाठी. म्हणजे ज्या भिंतींनी सैतानाचा जयजयकार रेकॉर्ड केला, त्याच भिंतींच्या नशिबी पुढे नाताळची गाणी आली. टॅम्पात असं होतं. आणि हे लक्षात ठेवा, कारण आपल्या गोष्टीत गाडी उलट्या दिशेने जाणार आहे.

घोड्यांच्या गावातली पोरं

टॅम्पापासून उत्तरेला साधारण दीडशे किलोमीटरवर ओकाला नावाचं गाव आहे. हायवे सोडला की दोन्ही बाजूंना पांढरी-काळी कुंपणं आणि आत चरणारे घोडे. हे गाव स्वतःला 'जगाची घोड्यांची राजधानी' म्हणवतं. चर्चही भरपूर. इथे १९९७मध्ये काही शाळकरी पोरांनी एक बॅण्ड काढला. नाव अंडरओथ. पोरं ख्रिश्चन, श्रद्धाळू. पण वाजवायचं मात्र तेच, जे आजूबाजूला कानावर पडत होतं. म्हणजे धडाधड मेटल! डॅलस टेलर हा त्यांचा तेव्हाचा गायक. १९९९मध्ये पहिला अल्बम, २०००मध्ये दुसरा, 'क्राइज ऑफ द पास्ट'. त्यात गाणी मोजून पाच, पण लांबच लांब, काळोखी, मागे की-बोर्डचे सूर. शब्दांत मात्र येशू.

आता जरा शिकवणी. मेटलकोर म्हणजे काय? हार्डकोर पंकचा राग आणि मेटलची वजनदार गिटार यांचं लग्न. एक जण आरडाओरडा करतो, दुसरा त्याच गाण्यात सुरेल गातो. मध्येच सगळं वाद्यकाम हळू आणि जड होतं, त्याला ब्रेकडाउन म्हणतात. समोरची गर्दी याच क्षणी एकमेकांच्या अंगावर जाते. आणि ख्रिश्चन मेटलकोर म्हणजे हे सगळं तस्संच, फक्त ओरडणारा माणूस देवाला हाक मारत असतो.

यात एक बिझनेसचा फंडाही आहे. अमेरिकेत ख्रिश्चन पुस्तकांच्या दुकानांच्या मोठ्या साखळ्या होत्या. बायबल, ग्रीटिंग कार्डं आणि सीडी. ज्या घरात मुलांना मेटल ऐकायची बंदी, त्या घरातही या दुकानातली सीडी चालायची. आई-बाबा खूष, पोरंही खूष! सिएटलचं टूथ अँड नेल आणि त्यांचं जड म्युझिकचं लेबल सॉलिड स्टेट यांच्या सीडी अशा दुकानांत पोचायच्या. अंडरओथ सॉलिड स्टेटकडे गेला आणि २००२मध्ये 'द चेंजिंग ऑफ टाइम्स' आला. गाणी आटोपशीर झाली, सूर वाढले. जुन्या फॅन्सनी तेव्हाच नाकं मुरडली.

म्हणजे 'ख्रिश्चन' हे या बॅण्डचं श्रद्धास्थान होतं, पण ते दुकानातल्या फळीवरचं लेबलही होतं. फॅन्सच्या भांडणाचं मूळ इथे आहे. श्रद्धा बदलू शकते. पण फळीवरचं लेबल बदललं की गिऱ्हाईक तक्रार करतं.

वसईची सीडी

अंडरओथ मला टॅम्पात नाही, पुण्यातल्या इंजिनीअरिंग होस्टेलवर भेटला. साल २००६. माझी रूममेट वसईची. घरी कादोडी बोलणारी, रविवारी मिस्साला क्वायरमध्ये गाणारी, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री स्पीकर फाटेपर्यंत मेटल लावणारी. तिच्या मावशीच्या मुलाने अमेरिकेहून पाठवलेली सीडी म्हणजे 'दे आर ओन्ली चेसिंग सेफ्टी'. आम्ही नुसतं 'सेफ्टी' म्हणायचो.

हा २००४चा अल्बम. तोवर डॅलस टेलर बॅण्ड सोडून गेला होता आणि स्पेन्सर चेंबरलेन आला होता. स्पेन्सर ओरडणार आणि ड्रम वाजवता वाजवता अ‍ॅरन गिलेस्पी गोड गाणार. छोटी, चटकदार, दुसऱ्यांदा ऐकली की तोंडात बसणारी गाणी. अमेरिकेत पुढे या अल्बमला गोल्ड मिळालं, म्हणजे पाच लाख कॉप्या.

मला त्यातला येशू फारसा कळला नाही. पण कुणीतरी पोटतिडकीने कुणाला तरी जाब विचारतंय, एवढं कळलं. आमच्या घरी आजोबा माळकरी. विठोबाशी कडाकडा भांडणारे अभंग ऐकत मी मोठी झाले. देवाशी भांडणारी गाणी मला परकी नव्हतीच.

मग त्याच वर्षी जूनमध्ये 'डिफाइन द ग्रेट लाइन' आला आणि आमच्या खोलीची फाळणी झाली! गोडवा कमी, काळोख जास्त. गाणी वळणं घेत जाणारी, चटकन हाताला न लागणारी. स्पेन्सरने आवाजच बदलला होता, जणू कुणी छातीच्या तळातून ओढून काढतंय. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात सुमारे ९८ हजार कॉप्या गेल्या आणि बिलबोर्डच्या यादीत अल्बम थेट दुसऱ्या नंबरवर. असल्या म्युझिकसाठी हे भलतंच होतं. मी वेडी झाले. रूममेट म्हणाली, "यात गाणं कुठेय गं? नुसता धूर आहे."

जगभरच्या फॅन्समध्ये साधारण याच रेषांवर गट पडले. एक डॅलस गट, यांच्या मते खरा अंडरओथ डॅलसबरोबरच गेला. एक 'सेफ्टी' गट. एक 'डिफाइन' गट, त्यात मी. २००८चा 'लॉस्ट इन द साउंड ऑफ सेपरेशन' आणखी जड निघाला, आमचा गट खूष. २०१०मध्ये अ‍ॅरनच बाहेर पडला आणि त्या वर्षीच्या 'डिसअ‍ॅम्बिग्वेशन'मध्ये गाणं आणि ओरडणं दोन्ही स्पेन्सरवर आलं. यावरून पुन्हा एक गट.

गंमत म्हणजे कुणी कुठल्या गटात आहे ते कळलं, की त्याचं वय सांगता येतं. माणूस सतरा-अठराचा असताना जो अल्बम भेटला, तोच 'खरा'. आपल्याकडे नाही का, प्रत्येकाला आपण फर्स्ट इयरला असतानाचंच कॉलेज फेस्टिव्हल बेस्ट वाटतं!

आपल्या पैशाचा वाचक

टॅम्पात हे सगळं डोक्यात घोळत असताना मी ईबोर सिटीत जाऊन बसायचे. डाउनटाउनपासून जुन्या धाटणीच्या स्ट्रीटकारने गेलं की लाल विटांचे रस्ते, लोखंडी गॅलऱ्या आणि फुटपाथवरून बिनधास्त चालणाऱ्या कोंबड्या. खोटं नाही, खरोखरच्या कोंबड्या! व्हिन्सेंते मार्तिनेझ-ईबोर या सिगार कारखानदाराने १८८५मध्ये इथे जमीन घेतली आणि क्युबा, स्पेन, इटलीहून आलेल्या कामगारांचं गाव वसवलं. कारखाने पुढे बंद पडत गेले, आणि बऱ्याच जागांत बार, क्लब, ऑफिसं आली. ऑर्फियम नावाचा क्लब, जिथे कित्येक वर्षं गिटारवाल्यांचे शो झाले, तोही इथेच होता. नंतर तो शहराच्या उत्तरेला गेला.

या कारखान्यांत एक भन्नाट पद्धत होती. शेकडो कामगार बाकांवर बसून तंबाखूची पानं वळायचे आणि एका उंच चौथऱ्यावर बसलेला माणूस त्यांना दिवसभर मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याला लेक्तोर म्हणायचे. सकाळी वर्तमानपत्रं, नंतर कादंबरी. त्याचा पगार मालक नाही द्यायचा, कामगार आठवड्याला वर्गणी काढून द्यायचे. म्हणून कुठली कादंबरी वाचायची ते कामगारच मतदानाने ठरवायचे. माझे पैसे, माझी गोष्ट! मालकांना या वाचनातली राजकीय हवा खुपत होती. १९३१मध्ये त्यांनी लेक्तोर बंद केले, कामगारांनी संप केला, पण लेक्तोर काही परत आले नाहीत. चौथऱ्याची जागा रेडिओने घेतली.

सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूवर क्यूबन सँडविच खाता खाता माझ्या डोक्यात आलं, फॅन म्हणजे हाच कामगार की. आपण सीडी घेतली, तिकीट काढलं, टी-शर्ट घेतला. मग आपल्या पसंतीचं पान वाचलं जावं, असं वाटणारच. चूक काय त्यात? पण एक फरक आहे. लेक्तोर दुसऱ्याने लिहिलेली कादंबरी वाचायचा. बॅण्ड स्वतःचं आयुष्य वाचून दाखवत असतो. आणि आयुष्याचं पुढचं पान मतदानाने नाही ठरत.

(सँडविचवरूनही वाद आहेच. टॅम्पावाले त्यात सलामी घालतात, मायामीवाल्यांना ते पाप वाटतं. २०१२मध्ये टॅम्पाच्या सिटी कौन्सिलने रीतसर आपल्या सँडविचला शहराचा मान देऊन टाकला. इथे कुणीच काही सहज सोडून देत नाही!)

खाडीपलीकडचा निरोप

टॅम्पाहून खाडीवरचा लांबलचक पूल ओलांडला की सेंट पीटर्सबर्ग. स्थानिक लोकांच्या तोंडी 'सेंट पीट'. १ जानेवारी १९१४ रोजी टोनी जॅनस नावाच्या वैमानिकाने इथून एक प्रवासी घेऊन टॅम्पाला विमान नेलं. वेळ लागला २३ मिनिटं. ठरलेल्या वेळेने चालणारी जगातली पहिली व्यापारी विमानसेवा ती. त्याच्या नावाचं एक ओपन-एअर ठिकाण डाउनटाउनमध्ये आहे, जॅनस लाइव्ह. जुन्या इमारतींच्या मधलं एक अंगण, वर आभाळ, समोर स्टेज.

२६ जानेवारी २०१३ रोजी अंडरओथने याच अंगणात निरोपाचा शो केला. बॅण्ड बंद! आम्ही दोघी तेव्हा वेगवेगळ्या शहरांत नोकरीला होतो. आपल्याकडे प्रजासत्ताक दिनाची सुट्टी होती. त्या दिवशी आम्ही फोनवर तासभर बोललो आणि त्यात बॅण्डबद्दल जेमतेम पाच मिनिटं. बाकी सगळं होस्टेलबद्दल.

मी गेले त्या दुपारी अंगणात कुणा दुसऱ्याच बॅण्डचा साउंडचेक चालू होता. गेटवर एक चाळिशीचा माणूस बारा-तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन उभा होता. त्याच्या अंगात 'डिफाइन'चा विटलेला टी-शर्ट. मी बोट दाखवून हसले, तो हसला, आणि पाच मिनिटांत आम्ही जुने ओळखीचे. लहानपणी घरी फक्त चर्चच्या दुकानातल्या सीडी चालायच्या, म्हणून हा बॅण्ड मिळाला, असं तो सांगत होता. आता तो चर्चला जात नाही, पण शोला जातो. मी विचारलं, आणि नवे अल्बम? तो खांदे उडवून म्हणाला, ते त्याच्या मुलीला आवडतात. मुलीने डोळे फिरवले. टिपिकल!

२०१५मध्ये बॅण्ड पुन्हा एकत्र आला, अ‍ॅरनसकट. २०१६च्या टूरमध्ये त्यांनी 'सेफ्टी' आणि 'डिफाइन' हे दोन्ही अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवले. म्हणजे आमच्या होस्टेलच्या खोलीतले दोन्ही गट एकाच रात्री खूष. सगळं गोडीगुलाबीने संपलं असतं. पण संपलं नाही.

एक शिवी आणि बरंच काही

२०१८. फेब्रुवारीत नवं गाणं आलं, 'ऑन माय टीथ'. त्यात या बॅण्डच्या गाण्यांतली पहिली शिवी होती. एप्रिलमध्ये 'इरेज मी' हा अल्बम. इलेक्ट्रॉनिक आवाज, रेडिओवर चालतील असे सूर, आणि लेबल सॉलिड स्टेट नाही, फिअरलेस. त्याच सुमारास बॅण्डने सांगून टाकलं, आता आम्ही स्वतःला ख्रिश्चन बॅण्ड म्हणवत नाही. स्पेन्सर आपल्या व्यसनाबद्दल उघड बोलला.

झालं! आधीचे गट परवडले, अशी फूट पडली. काही जण म्हणाले, साउंड पातळ झाला. काही म्हणाले, साउंड ठीक आहे हो, पण तुम्ही देवाला सोडलंत. आणि काही म्हणाले, अखेर खरं बोललात. इकडे त्या गाण्याला ग्रॅमीमध्ये बेस्ट मेटल परफॉर्मन्सचं नॉमिनेशन मिळालं. तिकडे ज्या दुकानांनी या बॅण्डला घराघरात पोचवलं, त्यांतली फॅमिली ख्रिश्चन स्टोअर्स ही साखळी आदल्याच वर्षी, २०१७मध्ये, आपली २४०च्या आसपास दुकानं बंद करायच्या मार्गाला लागली होती. फळीच गेली, तर लेबलाचं काय घेऊन बसलात?

पण माझ्या मैत्रिणीसाठी हा फळीचा प्रश्न नव्हता. २००८मध्ये तिच्या पप्पांची बायपास झाली. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तीन रात्री ती बाकावर बसून होती. एका कानात 'सेफ्टी', हातात रोझरी. पप्पा वाचले. आज पंच्याहत्तरीत आहेत, वाडीत केळी लावतात. त्या तीन रात्रींत तिच्याबरोबर ओरडणारी माणसं आता सांगतात, आम्ही त्यातले नाही. २०१८मध्ये तिने मला एकच वाक्य पाठवलं होतं, "मग त्या रात्री माझ्याबरोबर नक्की कोण होतं?"

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. काय देणार? माझ्यासाठी हा आवडीनिवडीचा मामला होता, तिच्यासाठी नव्हता. नंतर २०२२मध्ये 'वॉयरिस्ट' आला, बॅण्डने स्वतःच प्रोड्यूस केलेला, पुन्हा जड आणि अस्वस्थ. २०२५मध्ये 'द प्लेस आफ्टर धिस वन'. मी दोन्ही ऐकले. तिने नाही.

माळ आणि चाल

टॅम्पातल्या शेवटच्या शनिवारी सकाळी नऊला मी ईबोरच्या बाकावरून तिला फोन लावला. वसईत संध्याकाळचे साडेसहा. तिच्या मागे चर्चची घंटा, माझ्या मागे कोंबडा. म्हणाली, "गावी गेलीयस का?"

मी तिला मॉरिसाउंडच्या इमारतीबद्दल सांगितलं, लेक्तोरबद्दल सांगितलं, टी-शर्टवाल्या बापाबद्दल सांगितलं. आणि मग माझ्या बाबांची गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. बाबा नोकरीसाठी ठाण्याला आले आणि दोन-तीन वर्षांत त्यांनी गळ्यातली माळ उतरवली. भांडण नाही, जाहीरनामा नाही, विश्वास उरला नाही म्हणून उतरवली. आजोबा वर्षभर त्यांच्याशी धड बोलले नाहीत. मग एका आषाढीला गावी भजन होतं, आणि पेटीवाल्याला एका अभंगाची जुनी चाल आठवेना. बाबांना आठवत होती. ते गायला बसले. आजोबांनी टाळ उचलले. गाणं झाल्यावर आजोबा एवढंच म्हणाले, "माळ तुझी तू बघ. चाल मात्र विसरू नकोस." बाबा आजही माळ घालत नाहीत. आणि आजही त्या अभंगाला त्यांचा आवाज जसा लागतो, तसा कुठेच लागत नाही. ते खोटं गातात असं म्हणायची माझी हिंमत नाही.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझ्या आजोबांच्या जागी मी असते ना, तर टाळ उचलले नसते."

"मला माहितीये."

"माझे पप्पा वाचले, ते गाण्याने नाही. देवाने."

"बरं. मग गाणारे बदलले तर देवाचं काय बिघडलं?"

ती हसली. जोरात नाही, पण हसली. "वकील झाली असतीस तर बरं झालं असतं." पुन्हा गप्प. मग एकदम, "ड्रमवर अजून अ‍ॅरनच आहे का गं?"

"तोच आहे. गातोही तोच."

"हं. मग एक गाणं पाठव. एकच. आणि शिवी नसलेलं बघून पाठव, डिनरला पप्पा बसलेले असतात."

तिला आवडेल की नाही, मला खरंच माहीत नव्हतं. मी दहा मिनिटं बाकावर बसून गाणं निवडत होते. प्रॉडक्शनवर कोड टाकताना लागत नाही एवढं टेन्शन आलं होतं!

जाणार असाल तर...

कसं जाल? मुंबईहून टॅम्पाला थेट विमान नाही, वाटेत बदलावं लागतं. ऑरलँडोला कामासाठी किंवा डिस्नेसाठी गेलात, तर तिथून गाडीने साधारण दीड तास.

केव्हा जाल? नोव्हेंबर ते एप्रिल हवा छान. उन्हाळ्यात घाम आणि विजा. चक्रीवादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर.

काय बघाल? ईबोर सिटीचा सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यू. जे. सी. न्यूमन यांची १९१०ची घड्याळाच्या मनोऱ्याची सिगार फॅक्टरी. १९०५पासून चालू असलेलं कोलंबिया रेस्टॉरंट, खिसा जरा गरम असेल तरच. खाडीपलीकडे जॅनस लाइव्ह, शो बघूनच तारीख ठरवा. हाताशी गाडी असेल तर ओकालाचे घोडे.

काय खाल? क्यूबन सँडविच. सलामीवरून वाद घालू नका, तुम्ही टॅम्पात आहात.

काय ऐकाल? अंडरओथ नवा असेल तर 'सेफ्टी'पासून सुरुवात करा, मग 'डिफाइन', मग धीर करून 'क्राइज ऑफ द पास्ट', आणि शेवटी 'वॉयरिस्ट'. चारही वेगळे वाटतील. कुठला 'खरा' ते मला कळवू नका. माझं ठरलंय!